स्वतःचा अर्थ सांगणारी स्क्रीन : ‘ई-पीक पाहणी’ अ‍ॅपची एक चिकित्सा

प्रस्तावना :

साहित्यकृतीची, नाट्यप्रयोगाची, चित्रपटाची समीक्षा करण्याची परंपरा मराठीत चांगली रुजलेली आहे. परंतु सर्वसामान्य मराठी माणसाचा ज्या मजकुराशी आज वारंवार संबंध येतो, त्या शासकीय सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरील मजकुराकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकाला तो भाषेचा विषय वाटतो आणि भाषेच्या अभ्यासकाला तो संगणकाचा. परिणामी त्याचा अर्थ लावण्याचे काम बांधावर मोबाईल धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यावर येऊन पडते.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्र शासनाच्या ‘ई-पीक पाहणी’ या अ‍ॅपचा या दृष्टीने विचार केला आहे. महसूल व कृषी विभागांचा हा उपक्रम टाटा ट्रस्टच्या सहकार्याने उभा राहिला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. त्याची दुसरी आवृत्ती २०२२ च्या खरिपात आली. २०२४ च्या रब्बीपासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेले नवे रूप वापरात आले. सॉफ्टवेअरच्या इंटरफेसने स्वतःचा अर्थ स्वतः सांगावा, असे सर्वत्र म्हटले जाते. हे ‘सांगणे’ म्हणजे नेमके काय, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या संदर्भात ते कितपत साधले आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे. चिकित्सेसाठी प्रामुख्याने पहिल्या दोन आवृत्त्यांची रचना विचारात घेतली आहे.

कागद बोलत नव्हता, तलाठी बोलत होता :

सातबारा हा एक कागद नसून दोन नमुन्यांची जोडणी आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनी या नमुन्यांना आजचे स्वरूप दिले. त्यांतील ‘पोटखराबा’, ‘इतर हक्क’, ‘फेरफार’, ‘जिरायत’, ‘चालू पड’, ‘कायम पड’ हे शब्द महसुली व्यवहाराचे आहेत. ते शेतकऱ्याच्या कानावर असले, तरी कोणत्या रकान्यात कोणता शब्द पडला म्हणजे कोणता परिणाम होतो, हे ज्ञान कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते. ते तलाठ्याजवळ होते. म्हणजे सातबारा हा अर्धा मजकूर होता. उरलेला अर्धा तलाठ्याच्या तोंडी होता.

मराठवाड्यात ही स्थिती अधिकच ठळक होती. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि जुने महसुली दप्तर मोठ्या प्रमाणावर उर्दूत होते. जमिनीच्या जुन्या वादांत आजही १९५४-५५ च्या खासरा पत्रकाचा आधार घेतला जातो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद वाचू शकणाऱ्या जाणकारांना बोलवावे लागले. दप्तर आहे, पण ते वाचून दाखवणारा कोणी हवा, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

मध्यस्थ असणे हे नेहमीच हिताचे होते, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. गावात न जाताच पीक पाहणी लिहिली जाते, ही तक्रार जुनीच होती. स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करण्याचा अधिकार शेतकऱ्याला देणे ही या अ‍ॅपमागील कल्पना म्हणूनच स्वागतार्ह आहे. तथापि नोंदीचे काम शेतकऱ्याकडे आले, त्याबरोबर नोंदीचा अर्थ सांगणारे तोंड मात्र बाजूला झाले. त्या तोंडाची जागा स्क्रीनने घेणे अपेक्षित होते. तेव्हा स्पष्टीकरण ही या अ‍ॅपमधील वाढीव सोय ठरत नाही. जुन्या व्यवस्थेतून जे काढून घेतले, त्याची ती भरपाई आहे.

अशी भरपाई कागदावरही करता येते, याचे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचे स्वरूप बदलण्यात आले. त्यात अकृषक जमिनीच्या उताऱ्यावर नमुना बारा का नाही, हे सांगणारी सूचना आली : हे क्षेत्र अकृषक झाले असल्यामुळे या नमुन्याची आवश्यकता नाही, अशा आशयाची. एखादी गोष्ट का नाही, हे दस्तऐवजानेच सांगणे ही छोटी वाटणारी पण मूलभूत सुधारणा आहे. पूर्वी त्या रिकाम्या जागेचा अर्थ विचारायला कार्यालयात जावे लागले असते.

वाक्यार्थाच्या तीन अटी :

इंटरफेसच्या मूल्यमापनासाठी पाश्चात्त्य अभ्यासकांनी काही निकष मांडलेले आहेत. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात, माणसाला जे करायचे आहे आणि यंत्र जे करू देते, तसेच यंत्राने जे केले आणि माणसाला जे कळले, यांमधील दऱ्यांचा विचार मांडला. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये दहा सूत्रे सांगितली. यंत्राची सद्यःस्थिती दिसावी, वापरणाऱ्याच्या जगातील भाषा असावी, चुकीचा संदेश साध्या शब्दांत असावा, ही त्यांपैकी काही. ही सूत्रे उपयुक्त आहेत. मात्र स्क्रीन हा एक मजकूर आहे असे मानले, तर आपल्याकडील शाब्दबोधाचा विचार अधिक नेमके साधन देतो, असे वाटते.

न्याय व मीमांसा परंपरेत वाक्याचा अर्थ लागण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन अटी सांगितल्या आहेत. एका शब्दाने निर्माण केलेली अपेक्षा दुसऱ्याने पुरी करणे ही आकांक्षा. शब्दांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ असणे ही योग्यता. ‘विस्तवाने शिंपडावे’ हे व्याकरणदृष्ट्या बरोबर असूनही या अटीत बसत नाही. आणि शब्द एकमेकांच्या जवळ असणे ही सन्निधी. एक शब्द सकाळी व दुसरा दुपारी उच्चारला तर वाक्य होत नाही. स्क्रीनवरील रकाना, त्यात भरलेली माहिती आणि यंत्राचे उत्तर हे तीन मिळून एक वाक्य होते. ते या तीन अटी पाळते तेव्हाच स्क्रीन स्वतःचा अर्थ सांगते.

योग्यता : ‘१.२०’ म्हणजे किती?

अ‍ॅपमध्ये पिकाखालील क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचे असते. कन्नड, वैजापूर वा पैठण तालुक्यातील शेतकरी बोलताना मात्र एकर-गुंठ्यांत बोलतो. येथे एक विलक्षण अडचण उद्भवते. ‘१.२०’ हा आकडा सातबाऱ्याच्या भाषेत १ हेक्टर २० आर होतो, तर शेतकऱ्याच्या मनात तो १ एकर २० गुंठे असू शकतो. पहिल्याचे क्षेत्र १२,००० चौरस मीटर, दुसऱ्याचे सुमारे ६,०७०. म्हणजे अंक तोच आणि जमीन जवळजवळ दुप्पट. आर आणि गुंठा ही मापे जवळपास सारखी (१ गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर) असल्याने घोटाळा आणखी वाढतो. दशांश चिन्हानंतरचा भाग बरोबर आणि आधीचा चूक, अशी स्थिती होते. त्याच चिन्हामुळे ५ आर लिहिताना ‘०.०५’ ऐवजी ‘०.५’ लिहिले गेले, तर त्याचे ५० आर होतात.

गटाच्या एकूण क्षेत्रापेक्षा मोठा आकडा यंत्राला अडवता येतो. परंतु गट मोठा असेल तर दोन्ही अर्थ शक्य ठरतात आणि चूक मुकाट्याने आत जाते. रकान्याशेजारी ‘हे. आर’ असे संक्षिप्त लिहिणे हे नाव देणे झाले; तो अर्थ सांगणे नव्हे. आकडा भरताच त्याखाली ‘म्हणजे सुमारे २ एकर ३९ गुंठे’ असे उमटले, तर शेतकरी स्वतःच थांबेल. येथे कोणतीही मार्गदर्शिका लागत नाही. आकड्याचा त्याच्या अर्थाशी मेळ घालून दाखवणे एवढेच पुरते. हीच योग्यता.

सन्निधी : ‘निर्भेळ’ आणि ‘मदत’

पिकाचा वर्ग निवडताना अ‍ॅपमध्ये ‘निर्भेळ पीक’ आणि ‘मिश्र पीक’ हे पर्याय येतात. ‘निर्भेळ’ हा सुंदर मराठी शब्द आहे. परंतु सर्वसाधारण व्यवहारात तो ‘निर्भेळ आनंद’, ‘निर्भेळ यश’ अशा प्रयोगांत जगतो. शेतात त्याला ‘सलग’ म्हणतात : सलग सोयाबीन, सलग तूर. अ‍ॅपच्या रचनाकारांना ही अडचण जाणवली असावी, कारण त्यांनी ‘निर्भेळ’ समोर कंसात ‘एक पीक’ आणि ‘मिश्र’ समोर ‘एकापेक्षा जास्त पीक’ असे दिले. हा कंस या अ‍ॅपमधील उत्तम समीक्षात्मक क्षण आहे, असे म्हणता येईल. महसुली शब्द कायम ठेवला, कारण तो कायद्याचा आहे. आणि त्याचा अर्थ त्याच ओळीत, त्याच क्षणी दिला, कारण तो वापरणाऱ्याला हवा आहे.

याच्या उलट स्थिती ‘मदत’ या बटणाची. दुसऱ्या आवृत्तीत ते देण्यात आले आणि त्यामागे वारंवार विचारले जाणारे प्रश्न व त्यांची उत्तरे ठेवण्यात आली. हेतू चांगला असला, तरी प्रश्न एका पडद्यावर आणि उत्तर दुसऱ्या पडद्यावर असल्याने सन्निधी तुटते. प्रश्न पडलेल्या माणसाने हातातील काम सोडून, आपल्या अडचणीला नाव देऊन, ते नाव यादीत शोधावे, अशी येथे अपेक्षा आहे. ज्याला अडचणीचे नाव ठाऊक आहे, त्याची निम्मी अडचण आधीच सुटलेली असते. जॉन कॅरोल व मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये हा विरोधाभास मांडला होता : माणसे शिकण्यासाठी थांबत नाहीत, हातातले काम पुढे नेतात; मग आधी शिकल्याने वेळ वाचणार असला तरीही.

मिश्र पिकाच्या बाबतीत कंसातील अर्थही अपुरा पडतो. मराठवाड्यात सोयाबीनच्या चार तासांमागे तुरीचे दोन तास, किंवा कपाशीत तुरीच्या ओळी, ही नेहमीची पद्धत आहे. दुसऱ्या आवृत्तीत मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदवण्याची सोय झाली, हे वास्तवाला धरून आहे. परंतु प्रत्येक पिकाखालील क्षेत्र काढायचे कोणी? शेतकऱ्याला तासांचे प्रमाण माहीत असते. हेक्टर-आर त्याला काढावे लागते. ओळींतील अंतर सारखे धरले, तर १ हेक्टर २० आरमध्ये चारास दोन या प्रमाणाने सोयाबीन ८० आर व तूर ४० आर होते. हा हिशेब यंत्र क्षणात करू शकते. स्क्रीनने तास विचारावेत आणि क्षेत्र स्वतः काढून दाखवावे. शेतकऱ्याला जे ठाऊक आहे तेच त्याला विचारणे, हाही स्पष्टीकरणाचाच एक प्रकार आहे.

आकांक्षा : साठवले की पोहोचले?

शेतात मोबाईलची रेंज नसते, हे लक्षात घेऊन नोंद फोनमध्ये साठवून ती नंतर अपलोड करण्याची सोय ठेवण्यात आली. सोय योग्यच आहे. पण तिच्यामुळे एका कामाचे दोन भाग झाले. ‘माहिती साठवली’ हा संदेश वाचणाऱ्याच्या मनात काम पूर्ण झाल्याची भावना उत्पन्न करतो. वास्तविक ते वाक्य अपुरे आहे : साठवली, पण कोठे? फोनमध्ये की दप्तरात? अपुऱ्या वाक्याने पूर्णतेचा आभास निर्माण करणे हा आकांक्षेचा दोष होय. ‘ही नोंद अजून तुमच्या फोनमध्येच आहे, रेंज मिळाल्यावर अपलोड करा’ एवढे वाक्य नोंदीवर ठळकपणे राहिले, तर पुढच्या कृतीची अपेक्षा आपोआप जागी राहते.

दुरुस्तीसाठी ४८ तासांची मुदत देणे ही दुसऱ्या आवृत्तीतील महत्त्वाची सुधारणा. मात्र चूक असू शकते याची जाणीव झाली, तरच मुदतीला अर्थ राहतो. म्हणून मुदत आणि वर सांगितलेले ‘म्हणजे इतके एकर-गुंठे’ हे रूपांतर एकत्रच दिसायला हवे.

हा केवळ भाषेच्या सौष्ठवाचा प्रश्न नाही. पीककर्ज, पीकविमा, नैसर्गिक आपत्तीतील भरपाई, आधारभूत किमतीने खरेदी या सर्वांच्या मुळाशी पिकाची नोंद असते. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने २०२४ मध्ये हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य देऊ केले. त्या वेळी ई-पीक पाहणीवरील नोंद ही पात्रतेची अट होती. पेरणी केलेली, पण अ‍ॅपवर नोंद नसलेली माणसे बाहेर राहू लागली, तेव्हा ती अट शिथिल करावी लागली. त्यांपैकी किती जणांनी नोंद केलीच नाही आणि किती जणांना ती केल्यासारखी वाटली, हा भेद अशा यादीत दिसत नाही. परंतु स्क्रीनची जबाबदारी नेमकी याच भेदापाशी सुरू होते.

कारण सांगणे :

यंत्राने स्वतःला समजावून सांगावे, या कल्पनेची मूलगामी चिकित्सा ल्युसी सचमन यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात केली. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, सूचना देणाऱ्या एका फोटोकॉपी यंत्रासमोर माणसे काय करतात, याचे निरीक्षण त्यांनी केले. माणसांच्या कृतींपैकी यंत्राला कळणाऱ्या व न कळणाऱ्या, आणि यंत्राच्या बाजूने माणसाला दिसणारे परिणाम व त्यांमागील रचनेचे कारण, असे चार रकाने त्यांनी मांडले. यंत्राला फक्त दाबलेली बटणे कळतात, माणसाची फजिती कळत नाही. आणि माणसाला परिणाम दिसतो, कारण दिसत नाही, असे त्यातून निष्पन्न झाले.

ई-पीक पाहणीतील छायाचित्राची अट या मांडणीत बरोबर बसते. दुसऱ्या आवृत्तीत, शेतकरी निवडलेल्या गटापासून दूर उभा असेल तर तसा संदेश देण्याची व्यवस्था झाली. नव्या रूपात गटाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत छायाचित्र घेण्याची अट आली. ‘आपण दूर आहात’ हा परिणाम झाला. तो सांगणे हे काहीच न सांगण्यापेक्षा निश्चित चांगले. परंतु शेतकरी स्वतःच्या पिकात उभा असताना हा संदेश आला, तर तो कोणावर विश्वास ठेवील? उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानात काही मीटरांची चूक असू शकते, नकाशावरील हद्द आणि बांध जुळत नसू शकतात, किंवा गट क्रमांकच चुकीचा निवडलेला असू शकतो. ही तिन्ही कारणे यंत्राच्या रचनाकाराला ठाऊक आहेत आणि शेतकऱ्याला नाहीत. ‘गट क्रमांक तपासा, तो बरोबर असेल तर थोडा वेळ मोकळ्या जागेत थांबून पुन्हा प्रयत्न करा, तरीही जमले नाही तर गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे नोंद करा’ असा संदेश चौथ्या रकान्यातील ज्ञान शेतकऱ्याच्या हाती देतो. नकार देणाऱ्या स्क्रीनने कारण आणि पुढचा मार्ग दोन्ही दिले पाहिजेत. अन्यथा ती जुन्या कार्यालयाच्या ‘उद्या या’ पेक्षा वेगळी राहत नाही.

मर्यादा :

येथे एक आक्षेप संभवतो. सर्वच गोष्टी स्क्रीनवर समजावल्या, तर लहान मोबाईलवर गर्दी होईल आणि जाणत्या माणसाला त्याचा जाच होईल. आक्षेप बिनतोड नसला तरी दखलपात्र आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९७ मध्ये आणलेला बोलका सहायक याची साक्ष देतो. न विचारता मधे बोलणारा हा सहायक लोकांना नकोसा झाला आणि २००७ च्या ऑफिसमधून तो गेला. परंतु त्याचा दोष अधिक बोलण्याचा नव्हता, अस्थानी बोलण्याचा होता. वर सुचविलेली वाक्ये मजकुरात ओळी-दोन ओळींची भर घालतात, आणि तीही प्रश्न जेथे पडतो तेथेच.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अ‍ॅप खातेदाराला ओळखते. बटईने वा ठोक्याने जमीन कसणाऱ्याला ओळखत नाही. पीक एकाचे आणि नोंद दुसऱ्याच्या नावे, ही स्थिती कितीही सुबोध शब्द वापरले तरी बदलत नाही. येथे स्क्रीन अपुरी नाही, तिच्यामागील अभिलेखच अपुरा आहे. अशा ठिकाणी गोड भाषेने उणीव झाकण्यापेक्षा ‘ही नोंद खातेदाराच्या नावे होईल’ असे आधीच स्पष्ट सांगणे अधिक प्रामाणिक ठरेल.

शेवटी हेही लक्षात घ्यावे लागते, की राहिलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी पुढे गावोगावी सहायक नेमण्यात आले. दूर सारलेला मध्यस्थ वेगळ्या नावाने परत आला. हे अ‍ॅपचे अपयश मानण्याचे कारण नाही; काहींना माणसाचीच मदत लागणार. मात्र सहायकाला शेतकऱ्यांकडून रोज जे प्रश्न विचारले जातात, तीच स्क्रीनवर न लिहिलेल्या वाक्यांची यादी आहे. ती गोळा होऊन पुढील आवृत्तीत उतरली, तर सहायकाची नेमणूक स्क्रीनलाही शहाणे करील.

निष्कर्ष :

१. स्वतःचा अर्थ सांगणे हा इंटरफेसला मागाहून जोडायचा भाग नसून त्याच्या प्रत्येक वाक्याचा गुण आहे. आकांक्षा, योग्यता व सन्निधी या अटींनी तो तपासता येतो.

२. कायद्याचा शब्द आणि शेताचा शब्द यांपैकी एकाची निवड करण्याची गरज नाही. ‘निर्भेळ पीक’ पुढील कंसाप्रमाणे दोन्ही एकत्र नांदू शकतात. हेक्टर-आरबरोबर एकर-गुंठे दाखवणे ही त्याच तत्त्वाची पुढची पायरी होय.

३. नकाराबरोबर कारण आणि मार्ग देणे, तसेच अपूर्ण काम अपूर्ण आहे असे सांगणे, या दोन गोष्टींना प्राधान्य मिळावे. कारण येथील चुकीची किंमत शेतकरी रुपयांत मोजतो.

४. मराठी विभाग आणि संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन अशा अ‍ॅप्सच्या मजकुराची नियमित समीक्षा करावी. परभाषेतील संज्ञांना प्रतिशब्द देण्याचे काम आपण पुष्कळ केले. प्रतिशब्द दिल्यानंतरही वाक्याचा अर्थ लागतो की नाही, हे पाहण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते बांधावर उभ्या असलेल्या वाचकाला समोर ठेवूनच करावे लागेल.